हणमंताला ताप आला नव्हता

"काय रे हणमंता, आता परत काय उद्योग केलास?"

सांगलीच्या तुरुंगाच्या ऑफिसात बसल्या बसल्या मी खिडकीतून ओरडलो. बाहेर आवारात एक माणूस झारीनं जास्वंदीला पाणी घालत होता. पाठ ओळखीची वाटली. वळला, तर आमचा हणमंत! वडूजकडचा माझा अशील. अशील म्हणजे ज्याची केस आपण चालवतो तो. त्याला मी जामिनावर सोडवून अडीच महिने झाले होते.

माझं टाळकंच सरकलं. एवढी खटपट करून जामीन मिळवायचा आणि ह्यानं पुन्हा कुणाचं तरी डोकं फोडून आत यायचं! आता जामीन रद्द होणार आणि कोर्टात माझं नाक कापलं जाणार. मी दातओठ खात खिडकीशी गेलो.

हणमंतानं झारी खाली ठेवली. टाचेला टाच जुळवून ताठ उभा राहिला. पंधरा वर्षं फौजेत काढलेला गडी, ती सवय जात नाही.

"रामराम वकीलसाहेब. म्या काय बी केलं न्हाई."

"मग इथं कसा?"

"हितंच हाय की. तवापासनं."

"कधीपासून?"

"आवं, सातारच्या तुरुंगात तुमी मला शेवटचं भेटला न्हवं का? त्येच्या दुसऱ्या आठवड्यात तितं गर्दी झाली म्हनून आमा आठ जणांस्नी गाडीत घालून हिकडं आनलं. मग भायेर पडलोच न्हाई."

त्यानं हे अगदी साधेपणानं सांगितलं. तक्रारीचा सूर नाही, काही नाही. मी जेलरसाहेबांकडं वळलो. ते चहा पीत होते.

"साहेब, ह्याचा जामीन झालाय."

"कुणाचा? हणमंताचा?" त्यांनी रजिस्टर ओढलं. नाव, गाव, कलम, आत आल्याची तारीख. बाहेर गेल्याच्या तारखेचा रकाना कोरा. "आमच्याकडं कागद आलेला नाही, वकीलसाहेब. कागद आला की मी कुणाला मिनिटभर ठेवत नाही. ही काय माझी सासुरवाडी आहे, पाहुणे ठेवून घ्यायला?"

मी त्या दिवशी तिथं गेलो होतो भलत्याच कामासाठी. कुपवाडच्या एका कारखान्यातला कामगार मारामारीत आत गेला होता. त्याची वकीलपत्रावर सही घ्यायची होती. सही झाली, शिक्का झाला आणि निघता निघता खिडकीतून सहज बाहेर नजर गेली. ती गेली नसती तर? आज म्हातारपणीही हा प्रश्न मला सोडत नाही.

आता जामिनाचं थोडं समजावून सांगतो. लोकांना वाटतं, जज्ज 'मंजूर' म्हणाले की माणूस सुटला. तसं नसतं. आधी हुकूम होतो. मग कुणीतरी जमीनजुमलावाला माणूस सातबारा घेऊन येतो आणि 'हा पळाला तर मी जबाबदार' असं लिहून देतो. मग कोर्टातून तुरुंगाला एक कागद जातो, 'ह्या माणसाला सोडा' म्हणून. त्याला आम्ही रिलीज मेमो म्हणतो. तो तुरुंगाच्या दारात पोचला तरच दार उघडतं. आमच्याकडं रिवाज असा, की तो फॉर्म वकिलाच्या ऑफिसातच भरायचा. कोर्टाचा कारकून फक्त तपासून सहीला ठेवतो. आरोपीचं नाव, केस नंबर, तुरुंगाचं नाव.

हणमंताचा फॉर्म मी स्वतः भरला होता. तुरुंगाच्या रकान्यात लिहिलं होतं: सातारा. सवयीनं. त्याला तीनच दिवसांपूर्वी सांगलीला हलवलंय हे मला ठाऊक नव्हतं, कारण आधल्या आठवड्यात मी त्याला भेटायला गेलोच नव्हतो. जामिनाचा अर्ज रंगवण्यात दंग होतो ना!

त्याच्यावर कलम तीनशेसात होतं, म्हणजे खुनाचा प्रयत्न. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चुलतभावाशी जुंपली आणि ह्यानं काठी घातली. भावाला सतरा टाके पडले. असल्या केसमध्ये जामीन मिळणं सोपं नव्हतं. सेशन जज्जांपुढं मी पाऊण तास बोललो. जामीन झाला, पण एका अटीवर. खटला संपेपर्यंत आरोपीनं गावात पाऊल ठेवायचं नाही. हणमंताच्या मामानं जामीनपत्रावर अंगठा उठवला. मी ऐटीत त्याला म्हणालो, "उद्या संध्याकाळपर्यंत सुटेल. तुम्ही थांबू नका, शेतीची कामं असतील." मामा बिचारा गेला.

आता गंमत बघा. गंमत कसली, कर्म! गावबंदी असल्यामुळं हणमंत घरी आला नाही याचं घरच्यांना नवल वाटलं नाही. मामाला वाटलं गेला असेल मुंबईला, गिरणीत ओळखी आहेत. कोर्टाच्या लेखी तो जामिनावर बाहेर. तुरुंगाच्या लेखी तो आत. आणि वकिलाच्या लेखी तो एक जिंकलेली केस.

"अरे, पण तू गप्प कसा बसलास?" मी त्याच्यावरच खेकसलो. आपली चूक झाली की आधी दुसऱ्यावर ओरडायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. "एक कार्ड टाकायला काय झालं होतं?"

"काय लिवायचं कार्डात? वकिलानं काम केलं न्हाई म्हनून? तुमच्या कामाच्या मागं लागनं बरं दिसतंय व्हय?" हणमंत म्हणाला. "फौजेत रजा मंजूर झाली तरी मूव्हमेंट ऑर्डर हातात आल्याबिगार गेट सोडत न्हाईत. कवाकवा म्हयना म्हयना लागतुय. म्हनलं, ऑर्डर कुटंतरी अडकली आसंल. यील."

"आणि घरी? बायकोला?"

तो झारीकडं बघत म्हणाला, "सातारला हुतो तवा हौसा दर आठवड्याला यायची. हिकडं आल्यापासनं एकदा बी आली न्हाई. म्हनलं, रागावली. भांडान करू नगा म्हनत हुती ती, म्या ऐकलं न्हाई. आता तिनंच पाठ फिरवल्याव आपन कशाला कार्ड टाकून बोलवायचं?"

मग एकदम मान वर करून त्यानं विचारलं, "तिकडं बरी हाय न्हवं ती?"

मी नजर चुकवली. कारण हौसाबाई माझ्याकडं येऊन गेली होती.

जामिनानंतर महिन्याभरानं आली होती. पहाटेच्या गाडीनं. हातात भाकरीचं गाठोडं आणि नवऱ्याचा धुतलेला सदरा. ऑफिसात पाचसहा पक्षकार बसले होते. ती दाराशी उभी राहून म्हणाली, "मालकांचा काय पत्ता लागंना वो. तुमास्नी काय ठावं हाय?"

मी कागदावरून मान वर न करता म्हणालो, "बाई, सुटलाय तो. मी स्वतः सोडवलाय त्याला. पुढं कुठं गेला ते मला काय विचारता? फौजेतला गडी, चार गावचं पाणी प्यालेला. असेल मुंबईला मजेत!"

बसलेली मंडळी फिदीफिदी हसली. मलाही आपण काहीतरी चटकदार बोललो असं वाटलं. ती निघून गेली. गाठोडं तसंच हातात.

हे सगळं त्या खिडकीशी उभं राहून मला आठवलं. आणि एवढ्यावर संपलं नव्हतं. अजून एक होतं, ते तर त्याहून भयंकर.

जामिनानंतर केसच्या दोन तारखा पडल्या होत्या. जामिनावरचा आरोपी तारखेला हजर पाहिजे, नाहीतर वॉरंट निघतं. हणमंत आला नाही. दोन्ही वेळा मी सरधोपट काम केलं. हजेरीमाफीचा अर्ज दिला. तो आमच्याकडं तयारच असे, फक्त नाव आणि तारीख घालायची. 'आरोपी तापाने आजारी असल्याकारणाने आज रोजी कोर्टात हजर राहू शकत नाही.' सगळे वकील द्यायचे. जज्जही मंजूर करायचे. खाली सही माझी.

म्हणजे माणूस तुरुंगात झाडांना पाणी घालत होता आणि मी कोर्टाला लिहून देत होतो की तो घरी तापानं फणफणलाय.

"हणमंता," मी म्हणालो, "तुला सोडायचा हुकूम अडीच महिन्यांपूर्वी झालाय. चूक माझी आहे. उद्या तुला बाहेर काढतो."

त्यानं माझ्याकडं टक लावून बघितलं. मला वाटलं, आता शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "मग हौसाला वाटतंय म्या सुटलोय?"

मी मान डोलावली.

"आनि घरी आलो न्हाई?"

तो खाली बसला. पंधरा वर्षं परेड केलेला माणूस, जेलरसमोर परवानगीशिवाय कधी बसला नसेल. भुईवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. जेलरसाहेबांनी त्याला बसू दिलं.

मी पहिली मिळेल ती एस. टी. पकडली. सातारला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तडक माझ्या सीनियरकडं गेलो. आप्पासाहेब म्हणू त्यांना. त्यांच्या हाताखाली मी पाच वर्षं काम करत होतो. माणूस हुशार, कायद्याचा किडा. त्यांनी सगळं ऐकलं, पान लावलं, तोंडात घातलं.

"किती दिवस बसला?"

"शहात्तर."

"कुणाला बोललास?"

"जेलरला. आणि त्याला स्वतःला."

"बरं. आता शहाण्यासारखं ऐक. पहिला मेमो पोस्टात गहाळ झाला म्हणायचं आणि दुसरा काढायला अर्ज द्यायचा. कोर्टाचा कारकून रजेवर आहे, सोमवारी येईल. मंगळवारी मेमो जाईल. जज्जांच्या कानावर जायचं कारण नाही."

"पण मेमो गहाळ झालेला नाही आप्पासाहेब. 'सदर इसम येथे नाही' असा शेरा मारून सातारच्या तुरुंगानं तो परत पाठवला असणार. तो फायलीत लागला असेल. मी फाईल उघडून बघितलीच नाही."

"आणि ते तापाचे अर्ज?"

"तेही फायलीत."

"मग? उभा राहून सांगणार जज्जांना, की मी खोटे अर्ज दिले? पाच वर्षांची प्रॅक्टिस आहे तुझी. सनद जाईल. बायकोपोरांना काय खायला घालणार?"

खोटं कशाला बोलू, सल्ला मला गोड लागला होता. सनद म्हणजे वकिली करायचा परवाना. ती गेली की मी कोण? सातारच्या कोर्टाबाहेर अर्ज लिहीत बसणारा एक बीए झालेला माणूस.

"मंगळवार म्हणजे अजून चार दिवस," मी म्हणालो.

आप्पासाहेब पिंक टाकून आले. "शहात्तर बसला. चार काय जड आहेत?"

त्या वाक्यानं मला कानफटात बसल्यासारखं झालं. कारण आप्पासाहेब वाईट माणूस नव्हते. गरिबांच्या केसेस फुकट चालवायचे. आणि तेच असं बोलले, पानाचा विडा चघळत. मीही त्या बाईला तसंच बोललो होतो, मान वर न करता. आम्हा दोघांच्या डोळ्यांपुढं माणूस नव्हताच, फाईल होती.

दुसऱ्या दिवशी जज्ज खुर्चीवर येऊन बसले तेव्हा मी उभा राहिलो. सरकारी वकील, इतर वकील, पक्षकार, कोर्ट भरलेलं. मी हातचं काही न राखता सांगितलं.

जज्जसाहेबांनी फाईल मागवली. एकेक पान उलटलं. परत आलेला मेमो तिथंच होता, अर्जांच्या मागं. मग त्यांनी माझे दोन अर्ज काढून पुढं ठेवले.

"ताप कुणाला आला होता, वकीलसाहेब?"

"कुणालाच नाही, साहेब."

"सही कुणाची?"

"माझी."

मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं.

"तुमच्या सनदेचं काय करायचं ते मी मागाहून बघतो," जज्जसाहेब म्हणाले. "आधी त्या माणसाला बाहेर काढा. आज. डाकेनं नाही. कोर्टाचा शिपाई मेमो घेऊन जाईल आणि तुम्ही त्याच्याबरोबर जाल. आणि तुरुंगाचं नाव मी स्वतः घालतो."

दुपारी बाराच्या गाडीनं आम्ही निघालो. तुरुंगात संध्याकाळी बंदी होते. म्हणजे कैदी मोजून बराकी कुलपात घालतात. बंदी झाल्यावर आलेला कागद दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात. गाडी कराडच्या पुढं पंक्चर झाली. शिपाई निवांत बिडी ओढत बसला आणि मी ड्रायव्हरच्या डोक्यावर उभा. "आवं साहेब, तुमी वरडून टायर बसतुय व्हय?" तो म्हणाला. खरं होतं.

आम्ही तुरुंगाच्या दारात पोचलो तेव्हा मोजणी सुरू झाली होती. जेलरसाहेबांनी मेमो वाचला, घड्याळाकडं बघितलं आणि ओरडले, "एक कमी मोजा रे!"

हणमंत बाहेर आला. अंगावर तोच सदरा, जो घालून आत गेला होता. रस्त्यावर आल्यावर तो थांबला आणि विचारलं, "गाडी कवा हाय?"

खटल्याचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. दोन वर्षांनी निकाल लागला. तीनशेसात टिकलं नाही, दुखापतीचं कलम लागलं. शिक्षा झाली, पण आत काढलेले दिवस शिक्षेत धरतात, त्यामुळं परत जावं लागलं नाही. त्यात माझे शहात्तरही धरले गेले. हणमंत म्हणाला, "बगा, वाया न्हाई गेलं." तो चेष्टेत म्हणाला की मनापासून, मला कळलं नाही. माझी सनद लेखी माफीवर वाचली. मात्र त्या जज्जसाहेबांची बदली होईपर्यंत मी हजेरीमाफीचा अर्ज दिला की ते चष्म्यावरून विचारायचे, "नाडी बघून आलात का?" आणि अख्खं कोर्ट हसायचं.

पण सुटकेच्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं. हौसाबाई सासरी नव्हती. माझा तो विनोद माझ्या ऑफिसातल्या बाकावरून वडूजच्या बाजारापर्यंत पोचला होता. वकीलच म्हणाला, हणमंता मुंबईत मजेत आहे. मग मजेत म्हणजे कुणाबरोबर, तेही लोकांनी ठरवून टाकलं. सासू म्हणाली, हिला नवरा धरून ठेवता आला नाही. हौसाबाई दोन पोरं घेऊन माहेरी निघून गेली होती. भाऊ सोडचिठ्ठीचं बोलायला लागला होता. आम्ही आधी मामाकडं गेलो होतो, आता तोही बरोबर होता; हे सगळं त्यानं वाटेत सांगितलं. हणमंत ऐकत होता.

गावबंदी त्याच्या गावापुरती होती, तिच्या माहेराला नव्हती. आम्ही पोचलो तेव्हा ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. हणमंताला बघून उठली नाही.

"कशाला आलाय? जिकडं हुता तिकडंच ऱ्हावा की."

हणमंत माझ्याकडं बघायला लागला. मामाही. मी सांगितलं. सगळं सांगितलं, तापासकट. तिचा भाऊ ऐकता ऐकता लालबुंद झाला. तो माझ्या अंगावर येणार असं वाटलं, पण तिनं हात करून त्याला थांबवलं. तिनं नवऱ्याकडं बघितलं. त्याची दाढी, त्याचा सदरा, ढिला झालेला पट्टा. तिचा चेहरा असा पडला की मला तिथं उभं राहवेना.

"म्हंजे समदं दिस तितं, सांगलीत हुता?"

"व्हय," हणमंत म्हणाला.

"आनि मी यीन म्हनून वाट बघत हुता?"

त्यानं मान खाली घातली. तिनं पदरानं डोळे पुसले, दोनदा पुसले. मग माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाही.

"वकीलसाहेब, त्या दिवशी 'मला ठावं न्हाई' म्हनला असता, तर मी गेले असते वो. सातारच्या तुरुंगात गेले असते, सांगलीच्या गेले असते, दारादारात जाऊन हुडकला असता. तुमी म्हनला, सुटलाय. मी शिकल्याल्या मानसाचं खरं धरलं आनि माज्या मानसाला खोटं पाडलं."

मग ती उठली आणि नवऱ्यासाठी पाण्याचा तांब्या आणायला आत गेली.

पुढं तीसेक वर्षं मी वकिली केली. जामीन झाला की स्वतः तुरुंगाच्या दारात जाऊन माणूस बाहेर आलेला डोळ्यांनी बघायचो, मगच घरी जेवायचो. ज्युनियर हसायचे. त्यांना मी कायद्याची कलमं फारशी शिकवली नाहीत, ती पुस्तकात असतात. 'मला माहीत नाही, बघून सांगतो' एवढं वाक्य मात्र प्रत्येकाकडून घोटून घेतलं. वकिलाच्या तोंडून ते सहजासहजी निघत नाही.